हॉलच्या एसीसाठी लायक माणूस

३ मार्च

आजपासून पुन्हा रोजनिशी. मागची जानेवारीत बंद पडली. पाठ धरली होती.

महत्त्वाची घटना. जेवताना दादाने सगळ्यांदेखत जाहीर केलं, यंदा हॉलला एसी बसवायचा. हॉल म्हणजे आमचं बिबवेवाडीतलं मंगल कार्यालय. शेत गेलं तिथे हॉल उभा राहिला, आईचं नाव दिलं. थोरला भाऊ दत्तोबा, म्हणजे दादा, तो चालवतो. मी प्लॅनिंग बघतो. (कसलं प्लॅनिंग, असं कुसुमने एकदा पाहुण्यांसमोर विचारलं होतं. कुसुम माझी पत्नी. तिचं माहेर पेठेतलं नाही, पण जिभेवरून तसं वाटतं.)

गेल्या उन्हाळ्यात एका वरबापाने आहेराच्या टॉवेलनेच घाम पुसला. तेव्हापासून बुकिंगला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "एसी आहे का?"

दादा म्हणाला, "हे काम हिंदुराव बघंल." मग जरा थांबला. मग म्हणाला, "बघशील ना?"

तो का थांबला, कळलं नाही. वहिनी ताटाकडे बघत होत्या. मी काढलेल्या आणि बुडालेल्या जिमचा विषय कोणीही काढला नाही, पण प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जिम होती. त्याआधीच्या पाण्याच्या प्लॅन्टचं तर मी स्वतःच विसरलोय.

दादाच्या मैनाचं लग्न बारा मेला, आपल्याच हॉलमध्ये. मैना म्हणाली, "काका, हॉल मस्त गार करा हं. माझा मेकअप वितळायला नको." या मुलीला मी सायकल शिकवली. तिचा माझ्यावर विश्वास आहे. या घरात तो तेवढाच आहे, असं नाही. पण आहे.

६ मार्च

इंटरनेटवर भरपूर वाचन. घरचा एसी वेगळा, धंद्याच्या जागेचा वेगळा. बसवणारा लायक असावा लागतो. तत्त्व ठरवलं: शिक्षण बघायचं, अनुभव बघायचा, आधी केलेली कामं प्रत्यक्ष जाऊन बघायची. भावनेला थारा नाही. गोड बोलण्याला तर मुळीच नाही.

शेजारचे रहीमभाई भेटले. त्यांचा फर्निचरचा कारखाना आमच्या भिंतीला लागून. वडिलांपासूनचा घरोबा. म्हणाले, माझी भाची रझिया इंजिनियर आहे, दवाखान्यांचे, नाट्यगृहांचे एसी करते. मी स्पष्ट सांगितलं, मी ओळखीवर काम देत नाही, लायकीवर देतो. रहीमभाई म्हणाले, "म्हणून तर सांगतोय."

९ मार्च

रझिया मॅडम येऊन गेल्या. निराशा.

मी स्वागताला भाषण तयार ठेवलं होतं. त्या थेट शिडी मागून पत्र्यावर चढल्या. खाली आल्यावर प्रश्न सुरू. लग्नाला जास्तीत जास्त किती माणसं असतात? म्हटलं, भरपूर. स्वयंपाकघराचं दार हॉलमध्येच का उघडतं? म्हटलं, जेवण गरम मिळावं म्हणून. वीजभार किती मंजूर आहे? म्हटलं, भरपूर.

त्या म्हणाल्या, "भरपूर म्हणजे किती किलोवॉट?"

हे सगळं आमच्या वॉचमनसमोर.

मग म्हणाल्या, आधी पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर हवा, वीजभार वाढवून घ्यायला हवा, स्वयंपाकघराचं दार बंद करायला हवं. त्यानंतर एसी. "नुसता एसी मी उद्याही लावून देईन. पण हॉल गार होणार नाही."

आत्मविश्वासाचा अभाव दिसला. ज्याला काम येतं तो इतके प्रश्न विचारत नाही. मी डॉक्टरकडे जातो तेव्हा... तो विचारतो, पण ते वेगळं.

मंजूर वीजभार किती आहे, ते दादाला विचारायला हवं. पण मग दादा म्हणेल, तुला माहीत नाही होय?

१४ मार्च

माणूस सापडला!

जयसिंग. लोणी काळभोरचा. पांढरा शर्ट, पांढरी गाडी. कार्डावर 'कन्सल्टंट'. माझ्या शाळेतल्या मित्राचा मेहुणा. पण ते योगायोगाने कळलं, निवड लायकीवरच.

दारातूनच हॉलवर एक नजर फिरवली आणि किती टनाचा एसी लागेल ते सांगून मोकळा. शिडी नाही, टेप नाही. मी विचारलं, पत्र्याचं काय? "होऊन जाईल, साहेब." स्वयंपाकघर? "होऊन जाईल." वीजभार? "तुम्ही आहात ना, साहेब."

साहेब. बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

शिक्षणाबद्दल विचारायला मी विसरलो नाही. त्याने फोनवर सर्टिफिकेट दाखवलं. चष्मा घरी राहिला होता, पण शिक्का गोल होता.

१७ मार्च

कुसुमने विचारलं, याने आधी कुठल्या हॉलला एसी बसवलाय? मी म्हटलं, तेच बघायला चाललोय. म्हणाली, "हॉल बघून या. एसी बघून येऊ नका." हिचं बोलणं असंच असतं.

जयसिंगने मला कात्रजला नेलं. एक मोबाईलचं दुकान. आत तीन माणसं उभी राहिली की चौथ्याने बाहेर थांबायचं. पण काय गारवा! अंगावर काटा आला. मालकाने स्वेटर घातला होता. आणखी काय पुरावा हवा?

घरी आल्यावर कुसुमने विचारलं, किती मोठा हॉल होता? म्हटलं, गार होता.

२१ मार्च

रझिया मॅडमचे फोन. उचलले नाहीत. रिपोर्ट तयार असणार. तो वाचला तर समजून घ्यावा लागेल, आणि ठरलेला निर्णय पुन्हा ठरवणं हे दुबळ्या मनाचं लक्षण आहे.

२२ मार्च

अनोळखी नंबर उचलला, त्याच निघाल्या. नकार द्यायला कारण हवं होतं. तोंडातून निघून गेलं की घरात सुतक आहे, सध्या काही काम काढणार नाही. त्या म्हणाल्या, अरेरे, कोण गेलं? म्हटलं, आत्या.

आमची सरू आत्या लोणी काळभोरला ठणठणीत आहे. शंभरी गाठेल. बोलण्याने कोणी मरत नाही, उलट आयुष्य वाढतं म्हणतात.

मॅडम फार चांगलं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "कधीही करा, कोणाकडूनही करा, पण आधी वीजभार वाढवा. हे मी माझ्या कामासाठी सांगत नाही."

फोन ठेवल्यावर थोडा वेळ कसंसंच वाटलं. ॲसिडिटी असावी.

२४ मार्च

रहीमभाई गेटवर भेटले. दोन्ही हातांनी माझा हात धरला. "कधी झालं? दत्तोबा काही बोलला नाही." म्हटलं, लांबची आत्या. दादाला फार लागलंय, त्याच्यासमोर विषय काढू नका. रहीमभाईंचे डोळे भरले. त्यांना आमच्या वडिलांची आठवण झाली.

आता त्या बाजूच्या गेटने जायचं नाही. मागचं गेट चांगलं आहे. चालणंही होतं.

२ एप्रिल

दादाने विचारलं, दोन-चार जणांना बोलावलं होतंस का? हो. सगळ्यांत लायक तोच निवडला का? हो. कागदपत्रं बघितलीस? हो. तिन्ही उत्तरं ठाम दिली. दादा म्हणाला, "मग झालं तर. मी नाय आता त्यात पडत."

त्याने पडायला हवं होतं, असं क्षणभर वाटलं. का वाटलं कोण जाणे.

८ एप्रिल

काम सुरू. साहित्याचा टेम्पो समोर रस्त्यातच उभा राहिला. खोकी उतरवून घेत असताना पलीकडे रहीमभाईंच्या दारात रझिया मॅडमची गाडी थांबली. मी टेम्पोच्या मागे गेलो. टायरची तपासणी केली. टेम्पो निघून गेला. मी वाकलेलाच.

मॅडमनी बघितलं. खोकी बघितली, खोक्यांवरची एसीची चित्रं बघितली, मला बघितलं. नमस्कार केला. आत गेल्या.

मला वाटतं त्यांनी ओळखलं नसावं.

(ओळखलं नसेल तर नमस्कार का केला?)

१२ एप्रिल

एक महत्त्वाचा सौंदर्यविषयक निर्णय मी घेतला. छताचे पंखे काढायचे. एसी हॉलमध्ये पंखे म्हणजे सुटाखाली चप्पल. जयसिंग म्हणाला, "राहू द्या की साहेब, असलेले बरे." मी म्हटलं, तुमचा तुमच्या कामावर विश्वास नाही का? तो पंखे उतरवायला लागला. माणसं हाताळण्याची ही एक पद्धत आहे.

वरची झरोक्यांची जाळी प्लायवूडने बंद केली, खिडक्यांना काचा ठोकून पक्क्या केल्या. गारवा बाहेर जाता कामा नये.

बाहेरची यंत्रं स्वयंपाकघराच्या मागे बसवली, भट्ट्यांच्या शेजारी. तिथे पाहुण्यांना दिसत नाहीत.

१९ एप्रिल

आयुष्यातला मोठा दिवस. चाचणी. रिकाम्या हॉलमध्ये संध्याकाळी एसी सुरू केला. पंधरा मिनिटांत महाबळेश्वर! वहिनींनी पदर लपेटून घेतला. मैना हॉलभर नाचली. होणाऱ्या नवऱ्याला व्हिडिओ कॉल करून म्हणाली, "हे सगळं माझ्या काकांनी केलंय."

दादा बराच वेळ खुर्चीत बसला. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं केलंस, हिंदुराव."

एवढंच. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

मीटरच्या खोलीत काहीतरी जळल्यासारखा वास येत होता. जयसिंग म्हणाला, नवी वायर आहे, साहेब. नव्या बुटांनाही येतोच की वास.

२८ एप्रिल

पहिला कार्यक्रम, छोटा साखरपुडा. एकंदरीत यशस्वी. एका आजींच्या डोक्यावर यंत्रातून पाणी ठिबकलं. मी सांगितलं, आशीर्वाद समजा. त्यांच्या मुलाने माझ्याकडे जसं बघितलं, त्यावरून तो पुणेकर होता.

जेवणाच्या वेळी, भट्ट्या पेटल्यावर, हवा जरा कोमट वाटली. दादाला सांगावं का? "बरं केलंस" या वाक्याला अजून पंधरवडाही झाला नाही. ते थोडे दिवस राहू दे.

कुसुमला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या सकाळी दादांना सांगा. मैनाचं लग्न आहे." म्हटलं, हो.

५ मे

सांगितलं नाही. घरात लगबग आहे, योग्य वेळ मिळत नाही. आज दादा एकटाच अंगणात बसला होता, पण तो थकलेला दिसला.

संकल्प: उद्या.

९ मे

संकल्प: उद्या. आज पाहुणे आले. सरू आत्याही आली. तिला शेजारच्या गेटकडे जाऊ देऊ नये, असं कुसुमला सांगितलं. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, ऊन आहे.

१२ मे, सकाळी सहा

लग्न. मन शांत. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. एसी सकाळपासून लावून ठेवतो, म्हणजे भिंतीच गार होतील. शास्त्रीय विचार.

१२ मे, दुपारी (वही जवळ नाही, फोनवर लिहितोय)

पार्किंगमध्ये आहे. गाडीत. दिवे गेले. म्हणजे एसी, माईक, सगळंच गेलं. जनरेटर लावला, तो एक गचका देऊन बंद पडला. शांतपणे नियोजन करायला जागा लागते. हॉलमध्ये फार माणसं होती.

गाडीचा एसी उत्तम चालतो. कंपनीने बसवलेला.

जयसिंगला फोन करतोय. वायरमनला करतोय. दोघांना एकेकदा केला.

पाच मिनिटांत आत जातो.

१२ मे, अजून गाडीत

काचेवर टकटक झाली. कुसुम. मी काच दोन बोटं खाली केली. पूर्ण केली असती तर गारवा गेला असता. तिच्या कपाळावरचं कुंकू ओघळून भुवईपर्यंत आलं होतं.

ती म्हणाली, "लग्न लागलं."

आणि गेली.

१३ मे

काय झालं ते लिहून काढतो. लिहिल्याने मन हलकं होतं म्हणतात.

अकराच्या सुमारास हॉल भरला. बाराला भट्ट्या पेटल्या. स्वयंपाकघराच्या दारातून वाफ आत येत होती, आणि यंत्रांमधून जी हवा येत होती ती चुलीसमोर बसल्यासारखी. लोक पंख्यांकडे बघायला मान वर करत होते. वर नुसते हुक. मग मीटरच्या खोलीत मोठा आवाज झाला आणि अंधार.

पत्र्याचा डबा, खिडक्या ठोकलेल्या, सहाशे माणसं.

मी बघितलं ते इथपर्यंतच. पुढचं लोकांकडून कळलं.

सरू आत्याला भोवळ आली. मैना स्टेजवर उभी राहून रडत होती. स्वतःसाठी नाही, आत्यासाठी. दादाने खुर्ची उचलून एक खिडकी फोडली. हाताला लागलं. "हिंदुराव कुठाय?" म्हणून तो सारखा विचारत होता. रागाने नव्हे, असं वहिनी म्हणाल्या. त्याला वाटलं, मीही कुठेतरी चक्कर येऊन पडलोय.

तेवढ्यात रहीमभाई आले. त्यांनी कारखान्याचं मोठं शटर उघडलं, करवती बंद केल्या, कारागिरांनी पलंग, कपाटं बाजूला ओढली, भुसा झाडला. त्यांच्याकडे मोठमोठे पंखे आहेत. वऱ्हाड तिकडे गेलं. अंतरपाट दोन अर्धवट कपाटांच्या मधे धरला. मंगलाष्टका माईकशिवाय झाल्या, म्हणून सगळ्यांना म्हणाव्या लागल्या. लोक म्हणतात फार छान झाल्या.

रझिया मॅडम आमंत्रणावरून आल्या होत्या. त्यांनीच सरू आत्याला वारा घातला, लिंबूपाणी पाजलं. विचारलं, आजी, तुम्ही कोण? आत्या म्हणाली, "मी हिंदुरावची आत्या. येकलीच हाय मी त्यास्नी."

कुसुमने हे मला शब्दशः सांगितलं. मग विचारलं, मॅडम तुमच्या आत्याकडे अशा का बघत राहिल्या? मी सांगितलं. म्हणजे सगळं सांगितलं. ती काहीच टाकून बोलली नाही. कुसुम टाकून बोलत नाही, तेव्हा काय करायचं असतं ते मला माहीत नाही.

संध्याकाळी दादा समोर आला. हाताला पट्टी. मी वाक्यं तयार ठेवली होती. त्याने विचारलं, "जेवलास का?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१४ मे

जयसिंगला जाब विचारायचा निश्चय. आवाज चढवायचा.

त्याने पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाला, "साहेब, मला कळलं. फार वाईट वाटलं. मी दुकानांची कामं करतो, हॉल पहिलाच होता. मला वाटलं तुम्ही सगळं बघितलंय. आधी हॉल केलाय का, ते तुम्ही विचारलंच नाही." मग म्हणाला, मी येऊन यंत्रं उतरवून देऊ का?

आवाज चढवता आला नाही. बरं आहे, बघू, म्हणून ठेवला.

तो मला फसवत होता असं मी दोन दिवस समजत होतो. त्यात एक आधार होता.

१५ मे

रहीमभाईंची माफी मागायला गेलो. पुढच्या गेटने. त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. म्हणाले, तुमच्या वडिलांनी माझ्या लग्नात वाढलंय, हे काय मोठं. आत्याची तब्येत विचारली. त्यात टोमणा असेल म्हणून मी वाट बघत होतो. नव्हता.

माफीचं वाक्य तोंडाशी आलं आणि मी एका स्टुलाची ऑर्डर देऊन परत आलो. आम्हाला स्टूल नको आहे.

१८ मे

दादाने रझिया मॅडमना बोलावलं. त्या पुन्हा शिडी लावून चढल्या. या वेळी प्रश्न कुसुमला विचारत होत्या, आणि कुसुम मंजूर वीजभार, माणसांचा आकडा, सगळं सांगत होती. तिने वीज कार्यालयात जाऊन विचारलं होतं. तेवढंच करायचं होतं. जाऊन विचारायचं.

मॅडम माझ्याशी नीट बोलल्या. फक्त सांत्वनाच्या वेळी होता तो आवाज आता नव्हता.

२६ मे

मैना आणि जावईबापू जेवायला आले. जेवणानंतर सगळे फोटो बघायला बसलो. भुशात उभी राहिलेली मैना. हाताला रुमाल बांधलेला दादा, अक्षता टाकताना. सरू आत्या लाकडी पलंगावर, राणीसारखी. कारखान्यातले कारागीरही फोटोत होते.

मैनाने सगळे फोटो दोनदा बघितले. म्हणाली, "काका, तुमचा एकही नाही." मग नवऱ्याला सांगू लागली, काका नसणारच फोटोत. सगळे इकडे आले, आणि काका एकटे तिकडे त्या गरम मीटरच्या खोलीत खटपट करत राहिले असणार. अक्षता टाकायलाही मिळाल्या नाहीत त्यांना. तिचा आवाज जड झाला. जावईबापू उठले आणि त्यांनी मला वाकून नमस्कार केला.

दादा सुपारी कातरत राहिला.

मला काय झालं माहीत नाही. मी म्हणालो, "मी मीटरच्या खोलीत नव्हतो. गाडीत बसलो होतो. एसी लावून."

जावईबापूंना हसू फुटलं. मैना हसून हसून माझ्या खांद्यावर पडली. "काका, तुम्ही पण ना!" वहिनी हसल्या. मी म्हटलं, खरंच सांगतोय. ते आणखी हसले. या घरात माझ्या बोलण्यावर एवढं कधी कोणी हसलं नव्हतं.

कुसुम हसली नाही. दादाही नाही. त्याने सुपारीचं एक खांड माझ्यापुढे धरलं. मी घेतलं.

जावईबापू अजून बाहेर तेच कोणालातरी फोनवर सांगतायत. आवाज इथवर येतोय.